सहा आठवडे, अकरा ते बारा

नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर.
डॉक्टर कस्तुऱ्यांनी फिल्म उजेडापुढं धरली,
चष्म्यावरून विचारलं, "कुठं पडलात?"
पडले नाही. पळत होते.
होटगी रोडला, पहाटे, रोज,
दुखतंय हे कळूनही चौदा दिवस.
"मग बाई, थांबायचं तुमच्याआधी हाडानं ठरवलं,"
म्हणाले, आणि सहा आठवडे लिहून दिले.

पहिला आठवडा मी नुसती चिडले.
कुकरच्या शिट्ट्या चुकल्या.
कडक भाकरी तर रागानंच मोडली.
खिडकीखालून आमचा गट जायचा सव्वापाचला.
बुटांचे आवाज ओळखू यायचे:
म्याकलचा डावा पाय घासतो,
शबाना टाच आपटते.
मी चादर डोक्यावरून घ्यायची.
आमच्या गावची चादर, जाड,
तरी आवाज यायचाच.

मग पालिकेचा पोहण्याचा तलाव.
बायकांची वेळ अकरा ते बारा.
बेचाळीस अंशांत फरशी अशी तापते
की दारापासून पाण्यापर्यंत सगळ्याच पळतात,
मी सोडून.

कमरेला फोमचा पट्टा.
रेहाना मॅडम काठावरून ओरडतात,
"खोलात जा. तळ लागला नाही पायजे.
हां, आता पळ."
कशावर?
"कशावर नाही. नुसतं पळ."

गुडघा वर, टाच मागं, कोपर अंगाशी.
पाऊल टाकते तिथं काहीच नाही.
पुन्हा टाकते.
इतकी वर्षं मला वाटायचं
पुढं जाते म्हणजे मी पळते.
इथं बारा मिनिटांत दोन हात सरकले
आणि तोंडातून शब्द फुटेना.

शेजारी इरम्मा हिरेमठ, वय सत्तर,
दोन्ही गुडघे कामातून गेलेले,
जावयाच्या टी-शर्टात पाठीवर तरंगत:
"यल्ली होंटी?"
कुठं निघालीस एवढ्या घाईनं?
मी दम लागलेली, म्हणाले, "अक्कलकोट."
शुक्रवारी तिनं पुन्हा विचारलं.
"तुळजापूर."
"घाट आहे त्या वाटेला," ती म्हणाली, "जपून."

मंगळवार-शुक्रवार असे.
बाकीचे दिवस भावाची सायकल स्टँडवर चढवून
गच्चीत, वाळत घातलेल्या मिरच्यांच्या शेजारी.
ठसका लागतो, डोळे झोंबतात,
मागचं चाक हवेत फिरतं.
नायना पायरीवर बसून बघत असतात.
"डावी पावडी, उजवी पावडी," एकदा म्हणाले,
"हातमागावर एकतीस वर्षं मी हेच केलं.
घड्याळ लावून कुणी बसलं नव्हतं.
चादरी मोजायचे."
मग थोड्या वेळानं, स्वतःशीच,
"पोटऱ्या मात्र चांगल्या होत्या."
धोतर जरा वर घेऊन दाखवल्या.
होत्या. अजून आहेत.

चौथ्या आठवड्यात मी गटाला भेटायला गेले,
सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर बसून
सगळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या.
म्याकलचं चार सेकंदांनी सुधारलं.
आनंद झाला असं म्हणाले.
अर्धा झालाही होता.

सातव्या आठवड्यात कस्तुऱ्यांनी नडगी अंगठ्यानं दाबून पाहिली.
माझं तोंड बघत होते, पाय नाही.
"एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. आठ वेळा.
नवव्यांदा नाही."

पार्क मैदान, मातीचा कडेचा पट्टा.
पहिलं मिनिट.
जमीन आली.
केवढी कठीण असते ती,
आणि पाय टाकला की तिथंच असते, दर वेळी.
हाडाला विचारत गेले, चालेल का, चालेल का.
ते काही बोललं नाही.
घड्याळ वाजलं आणि मी थांबले.
हे मला आधी कधी जमलं नव्हतं.

मंगळवारी तरी तलावावर गेलेच.
पट्टा बांधला, खोलात उतरले.
"यल्ली होंटी?"
"पार्कपर्यंत," मी म्हणाले. "आणि परत."
इरम्मा हसली नाही.
"लांब आहे गं," म्हणाली,
आणि डोळे मिटून तरंगत राहिली.